हाराकेके: पान कापण्यापासून टोपली पुरी होईपर्यंत (माओरी पातीकाम)

लव्हाळी

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, माओरींची कला म्हटलं की आधी लाकडी कोरीवकाम डोळ्यांसमोर येतं, मग हिरवा पोउनामू दगड, मग अंगावरचं गोंदण. पातीकाम आठवलंच तर शेवटी. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 'ते माओरी' हे प्रदर्शन भरलं आणि माओरी कलेकडे जगाचं लक्ष गेलं, हे सगळेच सांगतात. त्यात बायकांच्या हातचं विणकाम घेतलंच नव्हतं, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा फक्त पातीकामाचा. कोरीवकामावर लिहायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

झाड आहे हाराकेके, शास्त्रीय नाव फॉर्मियम टेनॅक्स. तिकडे सरसकट फ्लॅक्स म्हणतात, पण जवसाशी त्याचा काही संबंध नाही. हे कोरफडीच्या कुळातलं. पानं तलवारीसारखी, चांगल्या जागी अडीच-तीन मीटरपर्यंत जातात. डोंगरउतारावर आणि किनाऱ्याच्या कड्यांवर वाढणारं मऊ, लवचीक पानाचं फारारिकी हे त्याचंच भावंड. ते टोपलीला चालतं, पण त्याचा धागा कमजोर.

पानं पंख्यासारखी फुटतात. मधला कोवळा कोंब म्हणजे रितो, त्याच्या दोन बाजूंची दोन पानं म्हणजे त्याचे आईबाप, आणि बाहेरची सगळी आजे-पणजे. कापायची ती फक्त आजे-पणज्यांची. रितो आणि आईबाप मिळून तीन पानं प्रत्येक पंख्यात राहिलीच पाहिजेत. भावनेचा भाग आहेच, पण कारण व्यवहाराचंही आहे: रितो कापला तर तो पंखा तिथेच संपतो, आणि आईबाप कापले तर रितो वाऱ्याने मोडतो.

छेद बुडाशी, तिरपा, मधून बाहेरच्या बाजूला उतरता. पाणी बाहेर निथळून गेलं पाहिजे. उलटा उतार दिला तर ते पंख्याच्या पोटात साचतं आणि बूड कुजतं. पावसात कापत नाहीत, रात्री कापत नाहीत, फुलांचे दांडे वर आलेले असताना बरेच जण कापत नाहीत.

पान घरी आणलं की ओल्या फडक्याने पुसायचं. बुडाचा जाड, दुमडलेला भाग छाटून टाकायचा, मधली शीर आणि दोन्ही रंगीत कडा काढायच्या. उरलेल्या पट्टीत अंगठ्याच्या नखाने चीर पाडून सारख्या रुंदीच्या पाती फाडत न्यायच्या. पात रेषेरेषेने आपोआप फाटते, कात्री लागत नाही. अशा एका पातीला फेनु म्हणतात. नवशिक्याने १ सेंमीपेक्षा बारीक जाऊ नये.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि मग रडतात. तिचं नाव हापिने. पात अंगठा आणि सुरीची बोथट पाठ यांच्यामध्ये धरून ओढायची. जुन्या काळी शिंपल्याची कड वापरत. मधून टोकाकडे, मग उलटं धरून मधून दुसऱ्या टोकाकडे, दोन-तीनदा. आतलं पाणी बाहेर येतं, पात मऊ पडते आणि वाळताना नळीसारखी गुंडाळत नाही. जोर बेताचा हवा. फार दाबलं तर हिरवी साल सुटून आतला धागा दिसायला लागतो, आणि ती पात वाळल्यावर तिथेच चिरते.

मग उकळी. पातींची सैलसर जुडी बांधून खळखळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, लगेच गार पाण्यात, नंतर वाऱ्यावर सावलीत. रंग हिरव्याचा फिकट पिवळसर होतो. पूर्ण वाळू द्यायचं. विणायच्या आधी काही मिनिटं पाण्यात बुडवून ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवली की पुन्हा वळते. रात्रभर भिजत ठेवू नका. पात फुगते, आणि फुगलेल्या पातीची वीण वाळल्यावर सैल.

विणकामाला सुरुवात तळाच्या वेणीपासून, म्हणजे फिरी. तिपेडी वेणी घालत जायची आणि दर वळणाला नव्या पातीचं बूड त्यात अडकवायचं. वेणी टोपलीच्या तळाला राहते आणि सगळं वजन तीच पेलते. मग पाती एक डावीकडे, एक उजवीकडे तिरप्या पाडायच्या आणि विणत वर चढायचं. एकाआड एक म्हणजे ताकिताही, दोनाआड दोन म्हणजे ताकिरुआ. कडेला दोन बाजूंच्या पाती एकमेकींत शिरल्या की कोपरा तयार होतो. तिथे कपड्यांचे चिमटे लावा, नाहीतर एक कोपरा आवळायला जाल आणि दुसरा सुटेल. वरची कड पुन्हा वेणीने बंद. तोपर्यंत पाती सुकलेल्या असतात, म्हणून वेणीच्या आधी फवाऱ्याने पाणी मारायचं. कोरड्या पातीची वेणी वळणावर तडकते.

प्रश्न, दुरुस्त्या येऊ द्या.

निळावाटाणा

उत्तम लेख. एक व्यवहारी प्रश्न: २५ सेंमी रुंद, २५ सेंमी उंच टोपलीला पाती किती घ्यायच्या? प्रत्येक जण "अंदाजाने" म्हणतो आणि अंदाज दर वेळी चुकतो.

लव्हाळी

@निळावाटाणा, हिशेब सोपा आहे. वीण ४५ अंशांत तिरपी असते, त्यामुळे १ सेंमीची पात आडव्या रेषेवर सुमारे १.४ सेंमी जागा घेते. २५ भागिले १.४, म्हणजे एका दिशेच्या साधारण १८ पाती. दोन दिशांच्या मिळून एका बाजूला ३६ आणि दोन्ही बाजूंना ७२. लांबीचं गणितही तेच: २५ सेंमी उंची चढायला पात ३५ सेंमी खर्च होते, वर कडेच्या वेणीला २५-३० आणि बुडाच्या वेणीला १० धरा. ७५ सेंमीची पात घेतली की हात आखडावा लागत नाही. मुठी वेगळ्या.

घोंगडी

यात एक मेख आहे. लव्हाळीताईंचा हिशेब वाळलेल्या पातीच्या रुंदीवर बसतो. हाराकेके वाळताना रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळपास नाही, कारण धागे सगळे लांबीच्या दिशेने धावतात. ताज्या हिरव्या पातीची रुंदी मोजून ७२ धरल्या आणि तशाच विणल्या, तर टोपली आधी २५ सेंमीची दिसेल आणि काही आठवड्यांनी तिच्यातून उजेड दिसायला लागेल. बाजारातल्या स्वस्त केतेंमध्ये (केते म्हणजे टोपली) ज्या फटी दिसतात, त्या विणणाऱ्याच्या हाताच्या नसतात, घाईच्या असतात.

ताज्या पातीचंच विणायचं असेल, काही कामांना तसं विणतातही, तर हापिने दुप्पट करा आणि वीण अर्धी झाली की एक दिवस तशीच ठेवून, खालून वर पुन्हा एकेक पात ओढून आवळा. जेवणाच्या छोट्या परड्यांना, ज्यांना रोउरोउ म्हणतात, एवढंही लागत नाही. त्या एकदा-दोनदा वापरून टाकायच्याच असतात.

ताकिरुआबद्दल जोडतो. एकाआड एकमध्ये चूक झाली की पुढच्याच ओळीला पात अडते, लगेच कळतं. दोनाआड दोनमध्ये चूक चार-पाच ओळी चढल्यावर तिरपी रेघ मोडलेली दिसते तेव्हा कळते, आणि उसवायला तिथपर्यंत खाली यावं लागतं. म्हणून दर तीन ओळींनी टोपली हातभर लांब धरून बघायची. रंगीत नक्षीच्या केतेत एका दिशेच्या पाती काळ्या, दुसऱ्या दिशेच्या नैसर्गिक असतात. तिथे चूक लपायची सोयच नाही.

ओंडका

पान कापण्यावरून: रस्त्याकडेला आणि बागांमध्ये जी तांबड्या, पट्टेरी पानांची फ्लॅक्स दिसते ती बहुतेक शोभेची संकरित जात. पान आखूड, धागा निकस. कापायला सोपी म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका, आणि सार्वजनिक जागेतली असेल तर परवानगीशिवाय मुळीच नाही. विणकामासाठी जतन केलेल्या ताटव्याला पा हाराकेके म्हणतात, आणि त्यात जातवार रोपं असतात. कोहुंगा धाग्यासाठी नावाजलेली, पाओआ टोपल्यांसाठी. रेने ऑर्किस्टन नावाच्या बाईंनी देशभर फिरून अशा जुन्या जाती जमवल्या आणि १९८७ मध्ये तो संग्रह सरकारी संशोधन संस्थेकडे दिला. आज अनेक मराएंच्या (मराए म्हणजे सामूहिक आवार) ताटव्यांमध्ये त्याच संग्रहाची रोपं आहेत. रोप बियांपासून करू नका. बियांपासूनचं झाड आईसारखं निघेल याची खात्री नाही. पंखा मुळासकट वेगळा करून लावायचा, पानं हातभर ठेवून छाटून.

रोगांपैकी पिवळं पान हा सगळ्यात वाईट. फायटोप्लाझ्मामुळे (जिवाणूसारखा एक सूक्ष्मजीव) होतो, एक तुडतुड्यासारखा रसशोषक किडा पसरवतो, इलाज नाही. झाड उपटून टाकायचं. किडींमध्ये दोन पतंगांच्या अळ्या. एक पानाच्या कडेला खाचा पाडते, दुसरी खालून हिरवा भाग खाऊन पारदर्शक खिडक्या ठेवते. खाच कडेलाच असेल तर पात वाचते, कारण कड आपण काढतोच. खिडकी पडलेलं पान मात्र धाग्याला निरुपयोगी. ताटव्यातली वाळलेली पानं वेळच्या वेळी काढली, वारा खेळता ठेवला, की दोन्ही आटोक्यात राहतात.

आणि कचरा: कापकूप झाडाच्या बुडाशी परत टाकतात. गवत कापायच्या यंत्रात घालू नका, धागे पात्याला गुंडाळतात आणि यंत्र बसतं.

सुईदोरा

टोपलीवर बरंच झालं, आता धाग्यावर. माओरी झगे पातींचे नसतात, पानातून काढलेल्या धाग्याचे असतात. त्या धाग्याला मुका म्हणतात (हसून घ्या एकदा).

ताजं पान हवं, त्याच दिवशीचं उत्तम. बोटभर रुंद पट्टी घ्यायची, निस्तेज बाजूवर मधोमध उथळ आडवा छेद द्यायचा. फक्त साल कापली पाहिजे, धागा नाही. मग कुकु, म्हणजे तिथला मोठा शिंपला, छेदावर दाबून पट्टी जोरात ओढायची. हिरवा गर आणि साल सरकून निघते, हातात पांढुरका, रेशमासारखा झुबका राहतो. पट्टी उलटी धरून दुसरा अर्धा. याला हारो म्हणतात. शिंपल्याऐवजी सुरी घेतली तर धागे तुटतात. शिंपल्याची कड धारदार असूनही बोथट असते, तेच तिचं मर्म. साल सुटत नसेल तर चूक हाताची नसते, जातीची असते. कोहुंगातून एका ओढीत स्वच्छ निघतो, दुसऱ्या जातीत चार वेळा खरवडूनही हिरवे डाग राहतात.

मग वळणं, म्हणजे मिरो. उघड्या नडगीवर दोन बारीक झुबके शेजारी शेजारी ठेवून तळहाताने गुडघ्याकडून घोट्याकडे ढकलायचे, दोघांना वेगवेगळा पीळ बसतो. हात न उचलता तसाच मागे ओढायचा, की दोन्ही एकमेकांभोवती वळून दोरा होतो. नडगी किंचित ओली हवी. कोरडी असेल तर धागा घसरतो, फार ओली असेल तर चिकटतो. मग दोरे धुऊन, सपाट दगडावर दगडी बत्त्याने (पातु मुका) ठेचून, पुन्हा धुऊन, चोळून मऊ करतात. जितकं ठेचाल तितका झगा अंगावर पडतो. कमी ठेचलेल्या मुक्याचा झगा तरटासारखा उभा राहतो.

या कामाला माग नाही. दोन खुंट्यांमध्ये (तुरुतुरु) आडवी दोरी, तिच्यावरून ताणे खाली सोडलेले, आणि बोटांनी बाण्याच्या जोड्या ताण्याभोवती पिळत डावीकडून उजवीकडे जायचं. म्हणजे हे विणणं कमी आणि गुंफणं जास्त, माओरीत फातु. ताणा वळलेला, बाणा न वळलेला मऊ मुका. साध्या अंगाला दोन जोड्यांचा बाणा, ओळींमध्ये थोडं अंतर. खांदे आणि पाठ बसावीत म्हणून मधे अर्ध्या ओळी घालतात. चौकोनी कापडासारखा दिसणारा झगा पसरला तर मधे फुगीर असतो, तो त्यामुळे. काठाला तानिको: बाण्यात दोन-तीन रंगांचे धागे एकत्र चालतात, हवा तो रंग पुढे आणून बाकीचे मागे ठेवायचे. दर ताण्याला पूर्ण वेढा, त्यामुळे तानिको जाड आणि ताठ होतो. काठ साध्या अंगापेक्षा घट्ट झाला की झगा कडेला चुण्या घेतो. ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार, आणि त्यावर उपाय एकच: ताण्यांची संख्या तीच ठेवून काठाचा हात सैल करायचा.

पातीवाला

सुईदोरा, सुंदर. कोरोवाई आणि पिसांचा झगा यांत लोक हमखास गल्लत करतात, तेवढं स्पष्ट करून टाका ना.

सुईदोरा

कोरोवाईवर हुकाहुका असतात, म्हणजे वळलेल्या काळ्या दोऱ्यांचे लोंबते गोंडे. पिसांचा तो काहु हुरुहुरु. किवीची पिसं असतील तर काहु किवी. तानिकोचे रुंद काठ असलेला, बाकी साधा, तो काइताका. हल्ली पदवीदान समारंभात दिसणाऱ्या सगळ्यांनाच कोरोवाई म्हणायची पद्धत पडली आहे, आणि माओरी लोकही म्हणतात, तेव्हा भांडत बसू नये.

पिसांबद्दल एक सूचना. न्यूझीलंडचे बहुतेक देशी पक्षी १९५३ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. रस्त्यावर मेलेला पक्षी सापडला तरी पिसं परस्पर घेता येत नाहीत, निसर्गसंवर्धन खात्याची परवानगी लागते. त्यामुळे आजच्या झग्यांत तितर, मोर, कोंबडा असतो. कमीपणा वाटायचं काही कारण नाही, मोराचं पीस १९व्या शतकातल्या झग्यांतही सापडतं.

हिरडा

आता माझ्या आवडीचं: काळा रंग. खरं तर धाग्याचं नाव वाचून त्यासाठीच आलो.

माओरी काळा दोन टप्प्यांत होतो. हीनाउ किंवा मानुकाच्या सालीचे तुकडे पाण्यात उकळायचे, त्या काढ्यात मुका रात्रभर ठेवायचा. बाहेर काढला की तो फक्त तपकिरी दिसतो. तो निथळून, अर्धवट वाळवून मग पारुत घालायचा. पारु म्हणजे विशिष्ट दलदलीतला लोहयुक्त काळा चिखल. सालीतलं टॅनिन आणि चिखलातलं लोह भेटलं की धाग्याच्या आतच काळा रंग तयार होतो. काही तास ठेवून, वाहत्या पाण्यात धुऊन, काळेपणा कमी वाटला तर पुन्हा काढा, पुन्हा चिखल. चिखल कोणताही चालत नाही. पारुच्या जागा घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या असतात आणि तिथून लागेल तेवढाच काढतात, वापरलेला परत नेऊन ठेवतात.

आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई आणि कापडाचा काळा करायचे, ते रसायन हेच. आणि दुखणंही तेच. जुन्या लोहशाईने कागद जसा अक्षराअक्षराला जळून भोकं पडतात, तसा पारुचा काळा धागा काळाबरोबर आम्लाने आणि लोहाच्या उत्प्रेरणाने ठिसूळ होतो. संग्रहालयांतल्या जुन्या कोरोवाईंमध्ये पांढरं अंग शाबूत आणि काळे गोंडे भुकटी होऊन गळालेले दिसतात, ते यामुळे. उजेडाने ही क्रिया आणखी वेगाने होते.

म्हणून कुणी "पारु नाही, हिराकस वापरू" म्हणालं तर सांभाळून. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. टॅनिनशी जुळताना ते सल्फ्युरिक आम्ल मोकळं करतं. रंग झटपट चढतो आणि धागा झटपट जातो. वापरायचंच असेल तर मात्रा अगदी थोडी, नंतर धुणं भरपूर.

दुसरे रंग: राउरेकाउच्या सालीचा पिवळा, तानेकाहाच्या सालीचा तांबूस तपकिरी. तानेकाहाच्या काढ्यातून काढलेला धागा गरम राखेत घोळवतात. राखेच्या अल्कलीने रंग गडद होऊन पक्का बसतो. राख चाळून घ्या, कोळशाचा खडा राहिला तर धागा भाजतो.

पातीवाला

हिरडा यांच्या माहितीला जोडून पिउपिउ. नाचताना सळसळणारा तो घागरा. लव्हाळीताईंनी वर सांगितलंय की हापिने केलं नाही तर पात वाळताना नळी होते. पिउपिउत मुद्दाम तेच करतात! सारख्या रुंदीच्या पाती एका पट्टीवर ठेवून खुणा करायच्या, खुणांच्या जागी साल खरवडून मुका उघडा करायचा, बाकी साल तशीच. उकळून वाळवलं की साल असलेला भाग घट्ट नळी होतो आणि उघडा भाग लवचीक राहतो. मग काढा आणि पारु. काळा रंग फक्त उघड्या मुक्याला धरतो, साल असलेला भाग पिवळसरच राहतो. नक्षी रंगवलेली नसते, खरवडलेली असते.

घोळ होतो तो खुणांमध्ये. एका पातीची खूण २ मिलिमीटर सरकली तरी शंभरेक पाती कमरेला शेजारी लटकल्या की पट्ट्याची रेघ वाकडी दिसते. म्हणून सगळ्या पातींना एकच मोजपट्टी, आणि खुणा नेहमी वरच्या टोकापासून.

पिउपिउ धुवायचा नाही, त्यावर बसायचं नाही. ठेवताना गुंडाळी करून पायमोज्याच्या, म्हणजे बायकांच्या लांब स्टॉकिंगच्या, कापलेल्या पायात सारतात. नळ्या सरळ राहतात.

रानगवत

हे सगळं वाचून प्रश्न पडला की बाहेरच्या माणसाने हे करावं का? ऑकलंडच्या मराठी मंडळींपैकी काही जणी शिकताहेत, त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे नियम सांगितले जातात.

लव्हाळी

@रानगवत, नियम (तिकांगा) घराण्यागणिक बदलतात, त्यामुळे शिकवणारी सांगेल तेच त्या जागेपुरतं खरं. तरी बहुतेक ठिकाणी सारखं असतं ते: कापण्याआधी काराकिया, म्हणजे प्रार्थना, पसरलेल्या पाती ओलांडायच्या नाहीत, कामाच्या जागी खाणंपिणं नाही, पहिली टोपली स्वतःकडे ठेवायची नाही, देऊन टाकायची. शेवटच्या नियमाचा फायदा असा की पहिल्या टोपलीतल्या चुका रोज समोर राहत नाहीत.

बाहेरच्यांना शिकवण्याचा वाद माओरींमध्येच झालेला आहे. 'ते कुइती' या गावच्या विणकर रांगिमारिए हेतेत (१८९२-१९९५) यांनी, १९५१ मध्ये स्थापन झालेल्या माओरी विमेन्स वेल्फेअर लीगच्या माध्यमातून, आपल्या जमातीबाहेरच्या बायकांना शिकवायला सुरुवात केली तेव्हा ते सगळ्यांना रुचलं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, शिकवलं नाही तर संपेल. त्यांची लेक डिगरेस ते कानावा (१९२०-२००९) हिनेही तेच पुढे चालवलं. १९८३ मध्ये विणकरांची देशव्यापी संघटना झाली. आज जे शिकायला मिळतं ते बरंचसं या दोघींच्या आणि त्यांच्या पिढीच्या जिवावर.

माझं मत: टोपली, परडी, फुलं खुशाल शिका. झगा शिकायची घाई करू नका, आणि शिकलात तरी विकू नका.

ओंडका

सहमत, फक्त "विकू नका" हे टोपलीलाही लागू करा की. कमीत कमी "माओरी केते" म्हणून तरी विकू नये. अस्सल माओरी कामासाठी २००२ मध्ये 'तोई इहो' हे चिन्ह आलं ते याच कारणाने.

घोंगडी

तुकुतुकुबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सभागृहाच्या भिंतीवर कोरीव खांबांच्या मधे ज्या जाळीदार नक्षीच्या चौकटी असतात त्या. मागे तोएतोए गवताच्या उभ्या काड्या, पुढे आडव्या लाकडी पट्ट्या, आणि दोन्ही बांधणारे टाके. दोन माणसं लागतात, एक पुढे, एक मागे. पट्टी आरपार देत-घेत राहायचं. मागच्याला नक्षी दिसत नाही, पुढच्याने मोजून सांगायचं. टाके पांढऱ्या किएकिएचे आणि सोनेरी पींगाओचे. किएकिए आपल्या केवड्याच्याच कुळातली वेल. पींगाओ समुद्रकाठच्या वाळूत वाढणारं गवत, वाळलं की स्वतःच सोनेरी होतं, रंगवावं लागत नाही. चराई आणि वाळूवर लावलेल्या परक्या मॅरम गवतामुळे ते फार कमी झालंय, तेव्हा सहलीला जाऊन उपटून आणू नका. पायऱ्यांची नक्षी ती पोउतामा, इंग्रजी V सारख्या कोनांच्या रांगांची काओकाओ, उभ्या ओळीत ओघळणारी रोइमाता तोरोआ, म्हणजे अल्बट्रॉसची आसवं.

निळावाटाणा

आणि आजचं काम? की सगळं शिंपल्याने खरवडलेलंच खरं?

सुईदोरा

मुळीच नाही. माता आहो कलेक्टिव्ह हा चार माओरी बायकांचा गट बघा. २०१७ च्या 'डॉक्युमेंटा' या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी निळ्या ताडपत्रीचं प्रचंड काम मांडलं होतं. २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांच्या 'ताकापाउ' ला गोल्डन लायन पुरस्कार मिळाला. ताकापाउ म्हणजे विधीसाठीची बारीक विणीची चटई, विशेषतः बाळंतपणाची. त्यांची मात्र ट्रकवर माल आवळायच्या चमकत्या पट्ट्यांची, स्टीलच्या बकलांसकट, अख्ख्या दालनाच्या डोक्यावर ताणलेली. खालून उजेड चटईच्या विणीतून यावा तसा येतो. २०२१ चं वॉल्टर्स हे न्यूझीलंडचं कला-पारितोषिक याच गटाला आणि मॉरीन लँडर यांना मिळून मिळालं होतं.

तंत्राच्या अंगाने पाहिलं तर गंमत अशी की पट्टीला उलटसुलट बाजू नाही, ती आक्रसत नाही, वाळत नाही. म्हणजे पातीकामातली निम्मी कौशल्यं तिथे गैरलागू. उरतो तो ताण. एवढ्या लांब पट्ट्यांत एका कोपऱ्याला ताण जास्त झाला की समोरचा कोपरा लोंबतो. बकलं तिथे शोभेची नाहीत, कामाची आहेत.

ओंडका

सामग्री बदलली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी माओरी कलाकार क्लिफ व्हाइटिंग यांनी वेलिंग्टनच्या 'ते पापा' संग्रहालयासाठी केलेला मराए पाहावा. संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. तिथलं कोरीवकाम बरंचसं एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) आहे, आणि रंग भडक निळे-गुलाबी. (हो, मीच वर वेगळा धागा काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा होतो. थांबतो.)

निळावाटाणा

शेवटचा प्रश्न, लव्हाळीताई. पुण्यात हाराकेके कुठून आणणार? सरावाला काय घ्यावं? घायपात चालेल का?

लव्हाळी

घायपात टोपलीला नाही. पान जाड, गरदार, काटेरी. फाडून पाती होत नाहीत, फक्त दोर निघतो. केवडा चालतो, केरळात त्याच्या चटया विणतातच. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर जून पानं मागवा. कडेचे आणि मधल्या शिरेचे काटे आधी सुरीने काढा, हातमोजे घालून. मग उकळणं, वाळवणं, सगळं वरच्यासारखंच. केवड्याची पात हाराकेकेपेक्षा पातळ आणि कमी चिवट, म्हणून वेणी फार आवळू नका. नुसती वीण शिकायची तर खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी उत्तम. आक्रसत नाही, तेव्हा ७२ चा हिशेब बरोबर बसेल.

पातीवाला

आणि कुणी न्यूझीलंडहून केते आणलीच तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती कपाटात कोंबू नका. आठ दिवसांत बुरशी धरते. उघड्या फळीवर, वारा लागेल अशी, आतून जुना कागद भरून. बुरशी आलीच तर आधी वाळवा, मग कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडा. ओल्या फडक्याने पुसाल तर ती विणीच्या आत जाते. काळी नक्षी असेल तर ऊनही दाखवू नका, हिरडा यांनी सांगितलेल्या कारणाने. मूठ तळाच्या वेणीपर्यंत गेलेली आहे की नुसती वरच्या कडेला ओवली आहे, तेही बघा. वरच ओवलेली असेल तर भाजी आणायला वापरू नका, कड फाटेल.